पुलाखालची हजेरी

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावचा पूल पडला आणि देविदास माळी त्याच्याखाली गेला.

आता हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. तसं अमरावतीच्या मोठ्या कचेरीनं सहीशिक्क्यानिशी कळवलं आहे, आणि मी त्याच कामावर रोजंदारीनं राहिलेला माणूस, सरकारशी वाकडं कशाला घेऊ? तेव्हा पूल उभा आहे, देविदास जिवंत आहे, आणि आपण उन्हाळ्यापासून सुरुवात करू.

लढाई चौथ्या सालात गेली होती. जपानी ब्रह्मदेशापर्यंत येऊन बसले होते. अकोल्याहून सकाळी गाडी जुंपली तर जेवणवेळेला आमचं गाव येतं, तिथं सरकारनं विमानांसाठी धावपट्टी करायला घेतली. जपानी आपल्या गावावर बॉम्ब टाकायला येऊ शकतात हे कळल्यावर गावाची छाती दोन बोटं फुगली. तोवर आमच्या गावी तहसीलदारसुद्धा येत नव्हता.

विमानं उतरणार धावपट्टीवर, पण वरून दिसू नयेत म्हणून ती उभी राहणार नाल्यापलीकडच्या आमराईत. विमान उतरल्यावर चालत जातं हे आम्हाला नवीन होतं. त्या चालायच्या वाटेला कामावरचा गोरा साहेब टॅक्सीवे म्हणायचा. गाव तिला विमानाची पांदण म्हणायचं, कारण शेतात गाडी जाते त्या वाटेला आम्ही पांदण म्हणतो आणि विमान झालं तरी चाकं त्यालाही आहेतच. पांदणीच्या मधे नाला. म्हणून पूल.

तसा पूल वऱ्हाडात कोणी पाहिला नव्हता. लांबी म्हणाल तर दोन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी, आणि रुंदी अशी की अख्खं गाव पंगतीला बसावं. विमानाची चाकं दूर दूर असतात म्हणून. कठडाही नव्हता, पंखांना अडेल म्हणून. आमचे पाटील नत्थुजी पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा त्याच्या भोवती फिरून आले. मग म्हणाले, हा पूल आडवा पडला आहे, उभा करा.

साहेबाच्या नकाशात सिमेंटमध्ये लोखंडी सळया होत्या. लोखंड लढाईवर गेलं. साहेबानं वर विचारलं, वरून उत्तर आलं की सळयांच्या जागी बांबू चालतो, विलायतेत कोणीतरी करून पाहिलं आहे. मग परतवाड्याहून मेळघाटचा बांबू गाड्या भरभरून आला. खुशालराव ठेकेदारानं लोखंडाचा ठेका घेतला होता, तो त्याच चेहऱ्यानं बांबूचा ठेकेदार झाला. ओव्हरसियर भगवंतराव अमरावतीचे, शिकलेले, शुद्ध बोलणारे. ते म्हणाले की कागदावर अजून सळयाच आहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

देविदासची वाडी नेमकी पांदणीत गेली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, कडेला झेंडू, सगळ्यावर मुरूम पडला. विहीर नाल्याच्या अलीकडे राहिली आणि जमिनीची एक पट्टी पलीकडे. पट्टीला पाणी नाही, विहिरीला जमीन नाही. देविदास चार दिवस ओट्यावर बसून राहिला. पाचव्या दिवशी भगवंतरावांनी कामावर विचारलं की नव्या सिमेंटाला रोज पाणी घालायला माणूस पाहिजे, कोण करील? कोणीतरी म्हणालं, पाणी घालायचं आहे तर माळी लावा. तसा देविदास सरकारी नोकर झाला. मी त्याच्या हाताखाली. नात्यानं मी त्याचा चुलतभाऊ, आणि माझं मॅट्रिक तेव्हा दुसऱ्यांदा व्हायचं होतं.

देविदासला पाणी घालायचा एकच प्रकार माहीत होता, तोच त्यानं पुलाला लावला. नाल्यातली माती आणून पुलावर वाफे पाडले. मधे पाट, दोन्हीकडे वाफे, कोपऱ्यात दंड. सकाळी मोटेचं पाणी सोडायचं, एक वाफा भरला की माती सारून दुसऱ्यात. साहेबानं येऊन पाहिलं आणि खूश झाला. हे असंच करतात म्हणाला. गावानं मात्र सोडलं नाही.

"काहून रे देविदास, काय लावलं?"

"पूल."

"तोडनीले कदी येते?"

"दिवायीले. तुले पाठवीन पाटीभर."

वाफ्यांच्या मातीत कुठून बी आलं कोण जाणे, पंधरवड्यात पुलावर मेथी उगवली. देविदासनं ती उपटली नाही. जयवंतावैनीनं, म्हणजे देविदासच्या बायकोनं, ती खुडून भाजी केली आणि आम्ही खाल्ली. चवीला थोडी सिमेंटसारखी होती. वाडी गेल्यापासून देविदास त्या दिवशी पहिल्यांदा जेवताना बोलला. म्हणाला की भगवंतरावांना विचारून पुलाच्या पोटाला पन्हळ बांधून एक पाट काढायचा, विहिरीचं पाणी पलीकडच्या पट्टीत न्यायचं. पट्टी ओली झाली तर घर चालेल. शालू, त्यांची पोरगी, तेव्हा पाळण्यात होती. तिच्यासाठी काय काय लावायचं तेही त्यानं सांगितलं, पण त्यात बहुतेक वांगीच होती.

पावसाळा लागला. वाफे मोडले, पूल झाला. श्रावणात वरून हुकूम आला की पोळ्यानंतर पहिलं विमान येणार, त्याआधी पुलावर वजन ठेवून पाहा. वजनासाठी रोडरोलर निघाला होता, तो आमच्या अलीकडच्या गावात काळ्या मातीत बसला आणि पावसाळाभर उठला नाही. लोक त्याला हळदकुंकू वाहायला लागले होते. दगड रचायचे तर दगडाच्या गाड्याही तशाच रुतणार. तेव्हा भगवंतरावांनी साहेबाला सुचवलं की बैल आणू. बैल चिखलातून आपल्या पायानं येतात. साहेबानं आमच्या बैलांच्या अंगावरून नजर फिरवून हिशेब केला आणि सांगितलं की चाळीस जोड्या उभ्या केल्या तर एक विमान होतं.

पण दिवस उरला होता पोळ्याचा. नत्थुजी पाटलांनी साफ नाही म्हटलं. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या एका दिवशी जू दाखवायचं नाही, आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-लोण्यानं मळून त्याला जेवायचं आवतण दिलेलं असतं, आणि त्याला सकाळी उठवून सरकारी कामावर न्यायचं, म्हणजे पाहुण्याला घरी बोलावून दळण दळायला बसवल्यासारखं. साहेब म्हणाला, काम नाही, नुसतं उभं राहायचं. पाटील म्हणाले, नुसते उभे तर आमचे बैल पोळ्यात तोरणाखाली राहतातच. भगवंतराव दोघांकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, मग तोरण पुलावरच बांधलं तर?

सगळ्यांना ते एकदम पटलं. दरवर्षी पोळा भरायचा तो आखर, गावाबाहेरचं मैदान, पावसानं नुसता चिखल झाला होता. पूल कोरडा, सपाट, रुंद. बैलांना काम नाही, साहेबाला वजन आहे. असा निकाल हायकोर्टातसुद्धा लागत नाही.

आता पोळा म्हणजे काय ते सांगतो. तोरणाखाली सगळे बैल सजवून उभे करतात. वाजंत्री, झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी पोळ्याची गाणी. मग पाटलाचा मानाचा बैल पुढे होतो, तोरण तुटतं, आणि पोळा फुटतो. फुटतो म्हणजे सगळे बैल एकदम सुटतात आणि आपापल्या घराकडे धावतात. साहेबाचा सगळा हिशेब उभ्या बैलांचा होता. पोळा फुटतो हे त्याला सांगावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पोळा भरला की फुटतो, त्यात सांगायचं काय? इतका मोठा साहेब, त्याला पोळा माहीत नसेल?

साहेबाचाही एक रिवाज होता, तो त्यानं पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगितला. त्याच्या देशात पुलावर पहिलं वजन चढतं तेव्हा ज्यानं पूल बांधला तो माणूस पुलाखाली उभा राहतो. आपल्या कामावर भरवसा आहे हे दाखवायला.

त्या दिवसापर्यंत पूल पुष्कळ जणांनी बांधलेला होता. खुशालराव अकोल्याच्या बाजारात सांगत फिरायचे की पूल त्यांचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, छे, मी फक्त माल पुरवला, बांधला ओव्हरसियरसाहेबांनी. भगवंतराव म्हणाले, मी फक्त नकाशा पाहून करवून घेतलं, पूल साहेबांचा. साहेब म्हणाला, माझ्या पुलात लोखंड होतं. गवंड्यांनी भगवंतरावांकडे बोट दाखवलं, भगवंतरावांनी पुन्हा खुशालरावांकडे. तासाभरात अशी वेळ आली की तो पूल कोणीच बांधलेला नव्हता. मग खुशालरावांनी विचारलं की शेवटपर्यंत त्या पुलाला हात कोणाचा लागला? रोज पाणी कोणी घातलं?

देविदास खाली उतरायला तयार झाला तो भरवशानं नाही. त्यानं विचारलं, पाट काढू देता का? भगवंतराव म्हणाले, देतो, विमान एकदा गेलं की बोलू. मग त्यांनी सगळ्यांसमोर, साहेबाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी बाहेर ये म्हणेपर्यंत हलायचं नाही. हा सरकारी हुकूम आहे."

घरी जयवंतावैनी त्याच्यावर उखडली. साहेबाचा रिवाज आहे तर साहेबच उतरू दे म्हणाली. देविदास म्हणाला की पुलाला त्यानं मेथीसारखं पाणी घातलं आहे, त्याला काही होत नाही.

"मेथीवर कोनी चाळीस जोड्या चालवत नाई," वैनी म्हणाली.

त्यावर तो हसला, आणि पवळ्याच्या शिंगांना हिंगूळ लावायला बसला. पवळ्या हा त्याचा एकटा बैल. जोडीदार वाडीबरोबर गेला होता, म्हणजे विकला होता. पोळ्यात पवळ्याला मी धरायचं ठरलं.

सकाळपासून पाऊस थांबला होता. नाल्यात गुडघाभर पाणी. देविदास धोतर खोचून खाली उतरला आणि मधोमध उभा राहिला. वर बैल चढायला लागले. झुली, गोंडे, गळ्यात घुंगरमाळा, कठड्याशिवायच्या त्या पुलाच्या काठापर्यंत शिंगंच शिंगं. साहेब काठाशी खुर्ची टाकून बसला होता. शेवटची जोडी चढली, साहेबानं खाली वाकून पाहिलं. पुलाला केसाएवढीही भेग नाही. त्यानं भगवंतरावांचा हात हातात घेतला. खुशालराव जवळच होते, ते लगेच म्हणाले की पूल तसा त्यांनीच बांधला आहे.

मी वरून ओरडून विचारलं, दादा, कसं आहे? खालून आवाज आला, "सावली हाये मस्त. भाकर पाठव."

झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात झडती म्हणायला कोणाचा बाप आडवा येत नाही, पाटलाचीही उडवतात. त्या दिवशी पुलावर झाली. कोणी रचली होती ते विचारू नका.

लोखंड गेलं लढाईले, बांबू आला कामाले,
माळ्यानं पानी देल्लं, सिमिट आलं जोमाले.
साहेब म्हने पक्का पूल, ठेकेदार म्हने पक्का,
बैला, जरा हळू चाल, देऊ नोको धक्का.

हर हर महादेव झालं. साहेबानं टाळ्या वाजवल्या आणि वजन उतरवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. म्हणजे जसे चढले तसे, जोडी जोडीनं. भगवंतराव ते पाटलांना सांगायला निघाले. ते पोचायच्या आत पाटलांच्या मानाच्या बैलानं मान वर केली आणि तोरण तुटलं.

पोळा फुटला.

पवळ्या पुढच्या फळीत होता. त्यानं मला ओढत गावाकडच्या काठावर नेलं, माझे पाय जमिनीला फार वेळा लागले नाहीत. पाठीमागे आवाज झाला तो मोडण्याचा नव्हता. भरलेलं पोतं ओट्यावर टाकावं तसा, दबका, एकच. वळून पाहिलं तर पूल नव्हता. नाल्यात सिमेंटचे मोठाले तुकडे, त्यातून फाटके बांबू वर आलेले, आणि त्यात बैल. घुंगरमाळा वाजत होत्या. पुष्कळ वेळ वाजत राहिल्या.

माझ्या हातातून पवळ्या सुटला आणि घरी गेला. पोळा फुटल्यावर बैल घरीच जातो, त्याला दुसरं काय माहीत? दारात जयवंतावैनी ताट घेऊन उभी होती. पाण्याचा गडवा, कुंकू, पुरणपोळी. तिनं त्याचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं. मी धावत पोचलो तेव्हा तो पुरणपोळी खात होता. वैनीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या फाटलेल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"शालूचा बाप कुठी हाये?"

मी सांगितलं. तिनं ताट खाली ठेवलं, पण पवळ्याची पोळी संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

आम्ही पहारी घेऊन लागलो. बैल ओढून काढले, काही जिवंत, बरेचसे नाहीत. मधला तुकडा गावातल्या सगळ्या माणसांनी मिळून हलला नाही. त्याच्याखाली हाक मारली तर उत्तर नव्हतं. अंधारात वरून पूर आला आणि आम्हाला काठावर यावं लागलं. सकाळी नाल्याच्या दोन्ही तोंडांना बंदुका घेऊन शिपाई उभे होते. ही जागा लढाईची आहे, ती कोणाच्याही नजरेला पडता कामा नये, असं भगवंतरावांनी सांगितलं. त्यांचा आवाज बसला होता. साहेब निघून गेला होता.

विमान तर यायचंच होतं. पूर उतरताच खुशालरावांनी तेल्हाऱ्याकडून मजूर आणले, ज्यांना आमच्या गावात कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी नळ टाकून पाणी बाजूनं काढलं, सगळा नाला पुलाच्या तुकड्यांसकट मुरमानं भरला आणि वर पांदण सपाट करून दिली. जयवंतावैनी शालूला कडेवर घेऊन शिपायाला सांगत होती की आधी माणूस काढा, मग भरा. शिपाई परगावचा होता, त्यानं बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. चौथ्या दिवशी विमान आलं आणि पांदणीनं चालत आमराईत गेलं. नाल्याच्या जागी ते थोडंसं हललं.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. पूल पडला असं लिहिलं तर पुलात काय होतं तेही लिहावं लागलं असतं. म्हणून असं ठरलं की त्या जागी मुळापासून भरावच होता. पूल नाही म्हणून पडला नाही, पडला नाही म्हणून कोणी मेलं नाही. बैलांच्या डॉक्टरानं येऊन मेलेल्या बैलांना घटसर्प झाल्याचा दाखला दिला. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, सजलेल्या बैलांना. नत्थुजी पाटलांनी त्याला विचारलं की हा रोग झुलीवरून पसरतो की घुंगरांवरून? डॉक्टर चहा न घेता गेला. आणि देविदासच्या घरी नोटीस आली की सदर इसम पोळ्यापासून कामावर विनापरवाना गैरहजर आहे, लढाईच्या कामावरून पळणं गुन्हा आहे, त्यानं ताबडतोब हजर व्हावं.

ती मी वाचून दाखवली. वैनीनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "हजर नाई? थोच तर एकटा हजर हाये."

पहिला अर्ज आम्ही अकोल्याला दिला. जागा उकरून मालकाचं प्रेत द्यावं, एवढंच. अकोल्यानं अमरावतीला पाठवला. अमरावतीहून उत्तर आलं की अशा वर्णनाचा पूल खात्याच्या कोणत्याही नकाशात नाही, सबब त्याखाली काही असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी भगवंतरावांना गाठलं. ते म्हणाले, "मी साक्ष दिली तर माझं काय होईल माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. त्यांना मात्र नीट माहीत होतं, कारण तेवढं बोलून ते रडले आणि अमरावतीची गाडी पकडायला गेले.

गावातल्यांनी वैनीला वाट सांगितली. प्रेत सापडलं नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, तेरावं करतात. बामण तयार होता, पळस गावाबाहेर पाहिजे तेवढा. गोदाबाई, वैनीची सासू, सुनेच्या पाया पडली की पोराला मोकळा कर. बांगड्या भराव्या की फोडाव्या हे एकदाचं ठरू दे.

वैनी म्हणाली, "हरवलेल्या मानसाचा पुतळा करतेत, आत्याबाई. माहा मानूस हरवला नाई. मले त्याचा ठिकाना माहीत हाये."

त्यानंतर कोणी पुतळ्याचं नाव काढलं नाही. वैनी पलीकडच्या कोरड्या पट्टीत आता पावसावर येईल ते लावते. दुपारी भाकर खायला ती पांदणीच्या काठाशी बसते आणि विमान आलं की पदरानं भाकर झाकते, वरून मुरूम उडतो म्हणून. वर्ष झालं. यंदा पोळा पुन्हा आखरावर भरला. पवळ्याला मीच नेलं. फुटल्यावर तो धावला नाही. चालत घरी गेला.

त्या संध्याकाळी वैनीनं मला दुसरा अर्ज लिहायला बसवलं. पहिल्यात चूक झाली म्हणाली. आपण पूल पडला असं लिहिलं, ते सरकारला पटत नाही. पटेल असं लिहू. मी लिहीत गेलो, ती सांगत गेली. सरकारी वळण माझं, बाकी तिचं. अर्ज काल अमरावतीला टपालानं गेला. तो असा:

मेहेरबान साहेबांचे सेवेशी,

अर्जदार जयवंता, भ्रतार देविदास माळी, इची नम्र विनंती ऐसीजे. पूल पडलेला नाही हे सरकारचे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. तथापि अर्जदाराचे पतीस पुलाखाली उभे राहण्याचा हुकूम सर्वांसमक्ष झाला असून, बाहेर येण्याचा हुकूम अद्याप झालेला नाही. सबब सदर इसम गैरहजर नसून नेमल्या जागी अखंड हजर आहे. तरी कृपावंत होऊन, त्यास बाहेर येण्याचा हुकूम देण्यात यावा, तो त्यास ऐकू जाईल इतका मुरूम वरून काढण्यात यावा, आणि तो बाहेर येईपर्यंत त्या वाटेने विमान चालवू नये. पुढील पोळ्याचे आत हुकूम व्हावा, कारण त्या दिवशी तो घरी जेवणार होता.

कळावे. अर्जदाराचा आंगठा.